भोंगा वाजल्यावर आपली मुले कुठे जातील?

प्रति,
अध्यक्ष आणि कार्यकारिणी, बृहन्महाराष्ट्र मंडळ, उत्तर अमेरिका,
तसेच अमेरिकेतील सर्व मराठी मंडळांचे पदाधिकारी यांस,



२७ एप्रिल २०११ रोजी अलाबामा राज्यातल्या टस्कलूसा शहरातून एक भीषण टॉर्नेडो गेला. अलाबामा विद्यापीठाचा परिसर त्याच्या वाटेतून थोडक्यात वाचला. वर्गखोल्या, ग्रंथालय, वसतिगृहे शाबूत राहिली. तरीही त्या विद्यापीठाचे सहा विद्यार्थी मृत्युमुखी पडले. हे सगळे विद्यापीठाच्या हद्दीबाहेर, शहरात होते. सत्राच्या परीक्षा रद्द कराव्या लागल्या आणि मे महिन्यातला पदवीदान समारंभ ऑगस्टवर गेला.

आता त्याच्या तीन वर्षे आधीची घटना बघा. ५ फेब्रुवारी २००८ च्या संध्याकाळी टेनेसीतल्या जॅक्सन शहरात युनियन युनिव्हर्सिटी या छोट्या विद्यापीठाच्या वसतिगृहांवरच टॉर्नेडो आदळला. इमारती कोसळल्या. पन्नासच्या आसपास विद्यार्थ्यांना रुग्णालयात न्यावे लागले, काही जण ढिगाऱ्याखाली तासन्‌तास अडकून होते. मृत्यू मात्र एकही झाला नाही. वादळ येण्याआधी मुलांना वरच्या मजल्यांवरून उतरवून तळमजल्यावरच्या न्हाणीघरांत बसवले होते. सांगणारे कुणीतरी होते आणि जायची जागा ठरलेली होती.

एका ठिकाणी वसतिगृहे पडली आणि मुले वाचली, दुसऱ्या ठिकाणी वसतिगृहे वाचली आणि मुले गेली. अमेरिकन विद्यापीठे वादळाची तयारी करतात, चांगली करतात, पण ती तयारी त्यांच्या कुंपणाच्या आत संपते. आपल्याकडून शिकायला येणारी बहुतेक मुले पदव्युत्तर अभ्यासक्रमांना येतात आणि पहिल्या आठवड्यापासून कुंपणाबाहेर, भाड्याच्या घरात राहतात. तिथे त्यांना सांगणारे कुणी नाही. हे काम मराठी मंडळांनी हाती घ्यावे, एवढी एकच विनंती करण्यासाठी हे जाहीर पत्र लिहीत आहे.

मी कॅन्ससमधल्या एका विद्यापीठात शिकवते. आमच्या इमारतीच्या आपत्कालीन सरावाची जबाबदारी बरीच वर्षे माझ्याकडे आहे. त्यामुळे विद्यापीठ काय करते आणि त्याचा हात कुठपर्यंत पोचत नाही, हे दोन्ही जवळून पाहते.

हा सराव ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. कॅन्सस, मिसुरी, इलिनॉय, आयोवा, इंडियाना अशा राज्यांत मार्च महिन्यात राज्यभर एकाच वेळी टॉर्नेडोचा सराव होतो. ठरलेल्या वेळी गावातले भोंगे वाजू लागतात, इमारतीतले ध्वनिक्षेपक बोलू लागतात. शिकवणे जिथल्या तिथे थांबवून सगळ्यांनी जिन्याने खाली उतरायचे, लिफ्टला हात लावायचा नाही. आमच्या इमारतीत तळघरात एक लांबलचक बोळ आहे. डोक्यावर गरम पाण्याचे पाइप, एका बाजूला शीतपेयांची यंत्रे आणि खिडकी एकही नाही. तिथे भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसायचे, डोके खाली घालायचे आणि दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफायची. आम्ही काही जण तोवर मजल्यामजल्यावर फिरतो. प्रयोगशाळेतला गॅस बंद झाला का, व्हीलचेअरवरचा विद्यार्थी त्याच्यासाठी ठरवलेल्या आतल्या खोलीत पोचला का, हे बघतो. संगणक प्रयोगशाळेत कुणीतरी कानांत इअरफोन घालून कामात गढलेले असते आणि त्याच्या खांद्याला हात लावून त्याला उठवावे लागते. सगळे मिळून दहा मिनिटांत आटोपते. खऱ्या इशाऱ्यानंतर हाताशी असणारा वेळही सरासरी एवढाच असतो, कधी त्याहून कमी.

अमेरिकेत क्लेरी कायद्यानुसार विद्यापीठांना आपली आपत्कालीन व्यवस्था वर्षातून एकदा तरी तपासून पाहावी लागते. त्यामुळे हे सराव टळत नाहीत. पण आपली मुले येतात ऑगस्टमध्ये. पहिला सराव त्यांच्या वाट्याला येतो मार्चमध्ये, म्हणजे सात महिन्यांनी. आणि टॉर्नेडो काही मार्चची वाट बघत नाही. मेरीलँड विद्यापीठाच्या आवारात टॉर्नेडो घुसला तो २४ सप्टेंबर २००१ रोजी. त्यात गाडीत असलेल्या दोन विद्यार्थिनी गेल्या. उत्तर डॅलसमधून रिचर्डसनच्या दिशेने टॉर्नेडो गेला तो २० ऑक्टोबर २०१९ च्या रविवारी रात्री. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही, पण त्या भागात टेक्सास विद्यापीठात शिकणारी आपली किती मुले राहतात, हे डॅलसच्या मंडळाला मी सांगायला नको. केंटकीतल्या बोलिंग ग्रीन शहरावर टॉर्नेडो आला तो ११ डिसेंबर २०२१ च्या मध्यरात्रीनंतर. तिथल्या वेस्टर्न केंटकी विद्यापीठाचा पदवीदान समारंभ त्याच दिवशी होता. तो रद्द झाला. विद्यापीठाचा एक विद्यार्थी त्या रात्री गेला होता.

मे महिन्यात कॅन्ससच्या माळावर येते ती आपत्ती, अशी जी समजूत सिनेमांमुळे झालेली असते, ती या तारखा पाहिल्यावर टिकत नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत तर थंडीतही आणि रात्रीही टॉर्नेडो येतात. रात्रीचा टॉर्नेडो दिवसाच्या टॉर्नेडोपेक्षा अडीच पट अधिक जीवघेणा ठरतो, असे नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले आहे. कारणे उघड आहेत. माणसे झोपलेली असतात, आकाश दिसत नाही, आणि राहत्या घरातच सापडतात. म्हणजे पुन्हा ते भाड्याचे घरच आले.

मुलांना किंवा त्यांच्या आईवडिलांना धास्ती घालण्याचा माझा हेतू नाही. अमेरिकेत वर्षाला साधारण बाराशे टॉर्नेडो होतात. त्यातले बहुतेक दुबळे असतात आणि थोड्याच वेळात विरतात. त्यांची वाट अरुंद असते. इथे शिकून गेलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांनी टॉर्नेडो डोळ्यांनी पाहिलेलाही नसतो. पण २०२३-२४ या वर्षात भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांची संख्या ३,३१,६०२ होती. भारत त्या वर्षी सगळ्या देशांत पहिला होता. एवढी मुले असताना ‘आपल्यावर कशाला येईल’ या भरवशावर बसणे मला पटत नाही.

आता थोडे आपल्या मुलांच्या मनात आधीपासून काय असते त्याविषयी. माझ्या मते अडचण सगळ्यात जास्त तिथे आहे.

महाराष्ट्रातल्या माणसाला संकटाची जी शिकवण घरातून मिळते ती भूकंपाची. कोयना १९६७ आणि किल्लारी १९९३ या दोन नावांनी ती पक्की केली. जमीन हलली की घर सोडा, मोकळ्यावर जा. शाळेतला आगीचा सरावही तेच शिकवतो. घंटा वाजली की रांगेने मैदानात. टॉर्नेडोत नेमके उलटे करायचे असते. बाहेर असाल तर आत या. वर असाल तर खाली या. बाहेरच्या भिंतीजवळ असाल तर घराच्या पोटात शिरा. जीव घाबरला की माणूस विचार करत नाही, अंगवळणी पडलेले करतो. लातूरकडची एक विद्यार्थिनी पहिल्या सरावात सगळे खाली उतरत असताना बाहेरच्या दाराकडे धावली होती. तिला हाताला धरून मागे आणावे लागले. तिच्या घरात किल्लारीची आठवण ताजी होती आणि त्या आठवणीप्रमाणे तिचे पाय बरोबरच पडत होते.

कोकणातून आलेल्या मुलांची समजूत वेगळी. त्यांनी ‘निसर्ग’ चक्रीवादळ पाहिलेले असते. ३ जून २०२० रोजी ते रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा दोन दिवस आधीपासून बातम्या चालू होत्या, होड्या ओढून घेतल्या होत्या, किनाऱ्यावरची माणसे हलवली होती. वादळ म्हणजे असे सांगून येणारे, शेकडो किलोमीटर पसरलेले, तासन्‌तास घोंगावणारे काहीतरी, हे त्यांच्या डोक्यात असते. टॉर्नेडोची वाट काही शे फूट ते मैल-दोन मैल रुंद असते. तो एका रस्त्याची एक बाजू साफ करतो आणि समोरच्या अंगणातली खुर्चीही हलत नाही. त्याच्यासाठी गावे रिकामी करता येत नाहीत, कारण तो नेमका कुठे उतरणार हे आदल्या दिवशी कुणालाच ठाऊक नसते.

आदल्या दिवशी कळते ते एवढेच की हवा बिघडणार आहे. ओक्लाहोमातल्या नॉर्मन शहरात स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर आहे. अनुकूल परिस्थिती दिसली की तिथून ‘टॉर्नेडो वॉच’ निघतो. तो मोठ्या प्रदेशासाठी आणि काही तासांसाठी असतो. त्या वेळी आपली कामे करावीत, पण फोन चार्ज करावा, बूट दाराशी ठेवावेत आणि कुठे जायचे ते मनाशी पक्के करावे. ‘टॉर्नेडो वॉर्निंग’ स्थानिक हवामान कार्यालय देते. टॉर्नेडो कुणीतरी पाहिला आहे किंवा रडारवर त्याची फिरकी दिसली आहे, असा त्याचा अर्थ. तेव्हा हातातले काम टाकून खाली जायचे. माझ्याकडे येणाऱ्या नव्या मुलांपैकी बहुतेकांना या दोन्हींतला फरक माहीत नसतो. शहराचे नाव सगळ्यांना माहीत असते, पण आपण कुठल्या काउंटीत राहतो हे विचारले की फोन उघडतात. टीव्हीवर आणि रेडिओवर मात्र काउंटीचीच नावे घेतली जातात.

भोंग्यांवर फार विसंबू नये, हेही मुलांना सांगायला हवे. ते भोंगे उघड्यावर असलेल्या माणसांसाठी बसवलेले असतात. खिडक्या बंद, एसी चालू आणि गाढ झोप असेल तर ते ऐकूच येत नाहीत. सेंट लुईस शहरात १६ मे २०२५ रोजी टॉर्नेडो आला तेव्हा महानगरपालिकेचे भोंगे वाजलेच नाहीत. वॉशिंग्टन विद्यापीठ ज्या भागात आहे त्याच्या जवळूनच तो गेला.

राहिला फोन. इशारा फोनवर येतोच, पण तो येऊ द्यायला हवा. मध्यरात्री हरवलेल्या मुलाबद्दलचा ॲम्बर अलर्ट कर्कश आवाजात वाजतो, झोप मोडते, आणि वैतागून मुले सेटिंगमध्ये जाऊन सगळेच इशारे बंद करून टाकतात. त्यात टॉर्नेडोचा इशाराही बंद होतो. विद्यापीठाचा लघुसंदेश वेगळा असतो. तो नोंदवलेल्या नंबरवर जातो, आणि प्रवेशअर्जावर दिलेला भारतातला नंबर इथले सिम घेतल्यावर बदलायचा राहून गेलेला असतो. मी दरवर्षी हे तपासायला सांगते आणि दरवर्षी काही जणांच्या बाबतीत तो सांगलीचा किंवा नाशिकचाच नंबर निघतो. शिवाय विद्यापीठाचा संदेश विद्यापीठाच्या आवाराविषयी असतो. तुमची खोली तिथून चार मैलांवर असेल तर तुमच्या डोक्यावर काय आहे ते तो सांगणार नाही. त्यासाठी हवामान खात्याचा रेडिओ उत्तम. एकदा काउंटीचा क्रमांक भरून ठेवला की तो रात्री आपणहून बोलतो, त्याला इंटरनेट लागत नाही आणि तो बॅटरीवरही चालतो. चार जणांच्या घरात एक पुरतो.

आता ते भाड्याचे घर. लाकडी सांगाड्याची तीन मजली इमारत, बाहेरून जिने, तळघर नाही. तिसरा मजला स्वस्त म्हणून तिथे चार मुले दोन खोल्यांत राहतात. दर्शनी खोलीला बाल्कनीचे सरकते काचेचे दार. वादळ आले की मुले त्या दाराशीच उभी राहतात. ढगांचा रंग हिरवट झालेला असतो, गारा पडत असतात. कॅन्ससमध्ये संध्याकाळचे सहा वाजलेले असतात तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेचार झालेले असतात. आई उठलेली असते आणि ‘काय चाललंय तिकडे, दाखव बरं जरा’ असे म्हणत असते. मग मुलगा फोन काचेला लावून तिला आकाश दाखवतो. त्या घरातली सगळ्यात धोक्याची जागा तीच काच.

अशा घरातही करण्यासारखे पुष्कळ असते. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलांनी खाली यायचे. कुणाकडे? इथे आपल्या मुलांची एक सवय फार उपयोगी पडणारी आहे. ती एकाच वसाहतीत, एकमेकांच्या आसपास घरे घेतात. एकेका वसाहतीत दहा-पंधरा घरे आपलीच निघतात आणि सगळ्यांचा मिळून एक व्हॉट्सॲप गट असतो. त्यातले तळमजल्यावरचे एक घर आधीच ठरवून ठेवायचे. वॉर्निंग आली की वरच्यांनी त्या घरात जायचे आणि दार उघडे मिळेल अशी व्यवस्था करायची. त्या घरातली न्हाणीघराची किंवा कपाटाची खोली, जिला बाहेरची भिंत नाही, ती मोकळी ठेवायची. आठ-दहा माणसे दाटीवाटीने पंधरा मिनिटे बसू शकतात. डोक्यावर काहीतरी हवे, कारण टॉर्नेडोत सगळ्यात जास्त भीती उडून येणाऱ्या वस्तूंची आणि डोक्याला होणाऱ्या इजेची. मुलांनी भारतातून क्रिकेटचे किट आणलेले असते, त्यातले हेल्मेट चालते. गादी अंगावर ओढून घेता येते. पायांत बूट हवेत, कारण नंतर बाहेर पडताना सगळीकडे काचा आणि खिळे असतात. खिडक्या उघडून ठेवल्या तर घर वाचते, ही जुनी समजूत खोटी आहे. त्यात वेळ घालवू नये.

आणि गाडी काढून पळू नये. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमात एल रीनोजवळ टॉर्नेडो आला तेव्हा हजारो लोक घरे सोडून गाड्यांनी निघाले आणि महामार्ग तुंबले. वादळ त्या रांगांवर आले असते तर काय झाले असते, याचा विचारही नको वाटतो. पुलाखाली थांबणे तर त्याहून वाईट. ३ मे १९९९ च्या ओक्लाहोमातल्या टॉर्नेडोत पुलांखाली आसरा घेतलेली तीन माणसे गेली. तिथे वारा कोंडून आणखी जोराने वाहतो.

एक गोष्ट विशेष सांगायची आहे, कारण तिच्याकडे कुणाचेच लक्ष नाही. आपली कितीतरी मुले-मुली इथे शिक्षण-साहाय्यक म्हणून काम करतात. ऑगस्टमध्ये विमानातून उतरलेली तेवीस वर्षांची मुलगी पंधरा दिवसांत तीस-चाळीस अमेरिकन मुलांच्या प्रयोगवर्गापुढे उभी असते. भोंगा वाजला तर त्या वर्गाला खाली नेणे ही तिची जबाबदारी असते. ती मुले तिच्याकडे बघणार. तिला स्वतःलाच जिना कुठला घ्यायचा हे माहीत नसेल तर ती काय सांगेल? विद्यापीठे तिला गुण कसे द्यायचे आणि फसवणूक कशी ओळखायची हे शिकवतात. आश्रयाची जागा मात्र अनेक ठिकाणी दाराजवळच्या नकाशावर सोडून दिलेली असते. पहिल्या दिवशी तो नकाशा बघून स्वतः एकदा खाली जाऊन या, असे मी माझ्या साहाय्यकांना सांगते आणि त्यांच्याबरोबर जाते.

आता आईवडिलांविषयी. पदवीदान समारंभ मे महिन्यात, म्हणजे टॉर्नेडोच्या मोसमाच्या ऐन भरात. आई ठेवणीतली पैठणी घेऊन येते, बाबा पहिल्यांदा विमानात बसलेले असतात. २२ मे २०११ रोजी मिसुरीतल्या जॉपलिन शहरात तिथल्या हायस्कूलचा पदवीदान समारंभ मिसुरी सदर्न स्टेट विद्यापीठाच्या क्रीडागृहात झाला. कार्यक्रम आटोपून मुले आणि पालक घरी निघाले आणि त्यानंतर थोड्याच वेळात शहरावर टॉर्नेडो आला. दीडशेहून अधिक माणसे गेली. हायस्कूलची इमारत उद्ध्वस्त झाली. विद्यापीठ वाचले आणि पुढे निवारा केंद्र झाले. नंतर हवामान खात्याने चौकशी केली तेव्हा दिसले की पहिला भोंगा वाजल्यावर बहुतेकांनी लगेच आसरा घेतला नव्हता. टीव्ही बघितला, बाहेर डोकावले, कुणाला तरी फोन केला. भोंगे वारंवार वाजतात आणि काही होत नाही, ही सवय झालेली होती. जन्मापासून तिथे राहणाऱ्या माणसांची ही गत, तर सहा महिन्यांसाठी आलेल्या आपल्या आईवडिलांचे काय? मुलगा-सून कामावर गेल्यावर ते दिवसभर घरात एकटे असतात. फोन किंचाळला तर तो कसा बंद करायचा हेच आधी शोधतात. त्यांना घरातली ती एक आतली खोली हाताला धरून दाखवायला हवी आणि मराठीतून चार वाक्ये लिहून ती फ्रीजवर लावून ठेवायला हवीत.

मंडळांच्या स्वतःच्या कार्यक्रमांबद्दलही एक शब्द. आपला गुढीपाडवा येतो मार्च-एप्रिलमध्ये. आपण शाळेचे सभागृह किंवा व्यायामशाळा भाड्याने घेतो. तीन-चारशे माणसे, लेझीम, नाटक, मागे पुरणपोळीच्या पंगती. मोठे छप्पर आणि मध्ये खांब नाहीत, अशी इमारत टॉर्नेडोत फार वाईट. २७ मार्च १९९४ च्या रविवारी अलाबामात पिडमाँटजवळच्या गोशेन चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना टॉर्नेडो आला, छप्पर कोसळले आणि वीस माणसे गेली. हवामान खात्याचा इशारा निघाला होता, पण चर्चमध्ये तो कुणापर्यंत पोचला नाही. आपल्या कार्यक्रमात सूत्रसंचालकाच्या हातात ध्वनिक्षेपक असतो आणि सगळ्यांचे फोन आपणच बंद करायला सांगतो. म्हणून एका कार्यकर्त्याकडे हवामानाचे काम द्या. त्याने नाटक बघायचे नाही, फोन बघायचा. सभागृह ठरवतानाच आतल्या बोळाची आणि तळघराची पाहणी करा. कार्यक्रमाच्या सुरुवातीला बाहेर जायचे दरवाजे सांगता, तशी खाली जायची वाटही सांगा. आणि वॉर्निंग आली तर प्रयोग मध्येच थांबवायला कचरू नका. कलाकार समजून घेतील.

मंडळांकडेच का आले, असा प्रश्न पडू शकतो. विद्यापीठांच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयांशी मी बोलत असते. ती मंडळी प्रामाणिक आहेत, पण पहिल्या आठवड्यात त्यांना व्हिसा, बँक, विमा, नोंदणी हे सगळे उरकायचे असते. हवामानाच्या वाट्याला एखादे पान येते. भाड्याच्या घरात जाऊन बघणे त्यांच्या कामात बसत नाही. मंडळाच्या माणसांचे तसे नाही. विमानतळावरून मुलांना आणायला तुम्हीच जाता. पहिले चार दिवस घरी ठेवून घेता, जुन्या गाद्या आणि कुकर देता, खोली लावून द्यायला तिसऱ्या मजल्यापर्यंत चढता. मंडळातल्या काका-काकूंनी सांगितलेले मुले ऐकतात. तुम्ही त्या घरात उभे असता तेव्हाच, ‘वादळ आले तर कुठे जाशील, मला दाखव’ एवढे विचारले तरी अर्धे काम होते. तळमजल्यावरचे घर ठरवणे, फोनमधले इशारे सुरू करून देणे, काउंटीचे नाव पाठ करून घेणे, विद्यापीठाच्या नोंदीत नवा नंबर घालून घेणे, हे सगळे तिथल्या तिथे होण्यासारखे आहे. पासपोर्ट, आय-२० आणि व्हिसाची कागदपत्रे एका बंद पिशवीत दाराजवळ ठेवायला सांगा. त्यांचे फोटो घरच्यांकडे पाठवून ठेवायला सांगा.

वादळानंतर घरच्यांना फोन न करता एक छोटा संदेश पाठवायचा, हेही आधीच ठरवून द्यावे. त्या वेळी फोन लागत नाहीत, संदेश उशिरा का होईना पोचतो. गॅसचा वास आला तर काडी ओढायची नाही, दिव्याचे बटण दाबायचे नाही, लगेच बाहेर पडायचे. खाली पडलेल्या विजेच्या तारेच्या आसपास जायचे नाही.

बृहन्महाराष्ट्र मंडळाकडे माझे मागणे थोडे मोठे आहे. राज्याराज्यातल्या मंडळांना वापरता येईल अशी एक पुस्तिका मराठीत तयार करावी. ती विद्यार्थ्यांसाठी आणि भेटीला आलेल्या ज्येष्ठांसाठी असावी. त्यात टॉर्नेडोबरोबर हिमवादळ, पूर आणि किनाऱ्यावरच्या हरिकेनचाही भाग असू द्या. जो तो आपल्या राज्यापुरता वाचेल. मजकूर तपासून घेण्याचे आणि लिहिण्याचे काम मी आणि माझ्यासारखे विद्यापीठांत काम करणारे काही जण विनामोबदला करू. दर दोन वर्षांनी होणाऱ्या अधिवेशनात हजारो माणसे एका छताखाली जमतात. तिथे या विषयाला एक तास मिळावा. आणि अमेरिकेला निघण्याआधी मुंबई-पुण्यात मुलांचे जे मेळावे भरतात, तिथेही हा विषय पोचवता येईल. तिथे आईवडील समोर बसलेले असतात. वादळ चालू असताना मुलाला काचेपाशी जायला सांगू नका, हे त्यांना समोरासमोर सांगता येईल.

नवी मुले ऑगस्टच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येऊ लागतात आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तुमच्याकडे गणपती बसतो. बहुतेक मुले मंडळात पहिल्यांदा येतात ती त्याच आरतीला. यंदाच्या त्या कार्यक्रमात, प्रसादाच्या आधी, या विषयासाठी वीस मिनिटे ठेवा. बोलायला कुणी मिळत नसेल तर मला कळवा. गाडीने येता येईल तिथे मी स्वतः येईन, बाकीच्या ठिकाणी पडद्यावरून बोलेन.

आपली नम्र,
कॅन्ससमधील एक मराठी प्राध्यापिका